साहेब, ती भुणभुण नव्हे, तंबोरा आहे

महाराष्ट्रातल्या संगीत मंडळांच्या, महोत्सवांच्या आणि दिवाळी पहाटेच्या सर्व आयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या व्यासपीठावर मी अनेकदा येऊन गेलोय, पण तुम्ही मला ओळखणार नाही. गायकाच्या मागे डाव्या अंगाला जो बसतो, तो मी. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तेव्हा त्यात माझा एक कान आणि तंबोऱ्याची दांडी दिसते. सूत्रसंचालक तबलजींचं नाव घेतात, पेटीवाल्यांचं घेतात आणि शेवटी ‘तानपुऱ्यावर त्यांचे शिष्य’ म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा मी त्यांचा शिष्य नसतोही. पण नावाबद्दल तक्रार करायला हे पत्र लिहिलेलं नाही.

थोडं माझ्याबद्दल. नोकरी बँकेत झाली. गाणं शिकायला वयाच्या चोविसाव्या वर्षी गेलो. गवई होण्याइतका गळा आपल्याला नाही हे गुरुजींना तीन महिन्यांत आणि मला तीन वर्षांत कळलं. मात्र कान बरा निघाला. एके दिवशी गुरुजी म्हणाले, ‘अरे, तू तंबोरा लावत जा.’ तेव्हापासून लावतोय. आता सव्वीस वर्षं झाली. स्वतःचे दोन तंबोरे आहेत, एक बायकी पट्टीचा, एक पुरुषी, दोन्ही मिरजेचे. कोणी बोलावलं की गवसणीत घालून निघतो.

आता मूळ गोष्ट. मागच्या हिवाळ्यात एका गावात (गावाचं नाव सांगत नाही, मंडळी भली आहेत) संध्याकाळची बैठक होती. गाणाऱ्या बाई काळी चारच्या, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. वेळ साडेसहाची ठरलेली, म्हणून त्या मावळतीचा राग मारवा गाणार होत्या. मारव्यात पंचम (प) नाही, त्यामुळे पहिली तार पंचमाला लावून चालत नाही; ती निषादाला (नी) लावली. चार वाजल्यापासून मागच्या खोलीत बसून बाईंच्या पट्टीचे दोन तंबोरे लावले. षड्जाच्या (सा) दोन तारांचा जोड मिळाला, खालच्या षड्जाचा खर्ज मिळाला, तारेतला मणी सरकवून केसाएवढा फरक काढला, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर सूत फिरवून जवारी, म्हणजे आवाजाचा फुलोरा, उघडली. बाई येऊन शेजारी बसल्या, डोळे मिटले, दोन मिनिटांनी नुसती मान हलवली. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती नसते.

सहा वीसला तंबोरे मंचावर नेले. साडेसहाला दीपप्रज्वलन झालं. मग प्रास्ताविक. मग प्रायोजकांचा सत्कार, मग प्रायोजकांच्या सौभाग्यवतींचा सत्कार, मग एका ज्येष्ठ रसिकांचे चार शब्द. ते चार शब्द मी मोजले नाहीत, पण घड्याळ बघितलं होतं: एकूण अडतीस मिनिटं गेली. तेवढा वेळ दोन्ही तंबोरे मोठ्या दिव्यांच्या उजेडात आणि वरून एसीच्या गार झोतात उभे होते. अंग भाजतंय आणि डोकं गारठतंय अशी स्थिती. तार धातूची, दांडी लाकडाची, भोपळा हा भोपळाच. प्रत्येकाची तापण्याची, आक्रसण्याची तऱ्हा वेगळी. ‘आता आपण थेट मैफलीकडे वळू या’ असं म्हणून पडदा उघडला तेव्हा निषाद खाली आला होता आणि जोडाच्या दोन तारा एकमेकींशी भांडत होत्या.

मी खुंटीला हात घातला. सभागृहात शांतता. दहा सेकंद, वीस सेकंद. मग सूत्रसंचालकांना ती शांतता सोसवेना. त्यांनी माइक उचलला, म्हणाले, ‘कलाकार वाद्यं जुळवत आहेत, तोपर्यंत आपल्या पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाविषयी थोडंसं...’ आणि बोलू लागले. स्पीकरमधून माणूस बोलत असताना तंबोरा लावणं म्हणजे वरातीत उभं राहून नाडी बघण्यासारखं. कसाबसा लावला. बाईंनी मागे वळून पाहिलं, माझ्या तोंडाकडे बघून सगळं समजल्या आणि सुरू झाल्या.

सुरू झाल्यावर आणखी काहीतरी चुकत होतं. गाणाऱ्या बाई एरवी मारव्यात कोमल रिषभावर अशा उभ्या राहतात की ऐकणारा श्वास धरतो. त्या दिवशी त्या उभ्या राहत नव्हत्या, पुन्हा पुन्हा षड्जावर येऊन टेकत होत्या. मला कळेना. तंबोरा माझ्या हातात नीट बोलत होता. मध्यंतरात मी ध्वनीव्यवस्थेच्या टेबलाशी गेलो. तिथे पंचविशीचा एक हुशार मुलगा होता. त्याने आपण होऊनच सांगितलं, ‘काका, मागच्या दोन माइकमधून सारखी भुणभुण येत होती. म्हटलं अर्थिंगचा लोचा आहे. दोन्ही बंद करून टाकले. आता कसं, क्लीन येतंय ना?’

त्याला काय बोलणार? त्याने त्याचं काम मन लावून केलं होतं. लग्नं, सभा, ऑर्केस्ट्रा करणारा मुलगा. गाणं चालू असताना मागे सतत एक आवाज असला पाहिजे, आणि तो बिघाड नसून त्याच्यावरच बाकीचं सगळं उभं असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणं हे काम कोणाचं होतं? तुमचं. आणि खरं बोलायचं तर माझंही. त्या दिवसापासून मी कार्यक्रमाआधी त्या टेबलापर्यंत स्वतः जाऊन येतो. पण महाराष्ट्रात तंबोऱ्यावर बसणारे शेकडो आहेत, बहुतेक वीस-बावीस वर्षांची मुलंमुली. मोठ्या गवयाच्या मागे बसायला मिळालं याच आनंदात असतात बिचारी. ती कुठे तोंड उघडणार? म्हणून हे पत्र तुम्हाला.

मारव्याचंच उदाहरण पुढे नेतो, कारण त्यात मुद्दा लख्ख दिसतो. मारव्याची सगळी गंमत षड्ज टाळण्यात आहे. गायक रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, निषादावरून षड्जाला न शिवता थेट रिषभावर जातो. मावळतीला घरी परतायचं आहे आणि पाय उंबऱ्याशी अडतात, तसं काहीतरी. पण गायक षड्ज टाळतोय हे ऐकणाऱ्याला कळणार कशावरून? मागे षड्ज अखंड वाजत असेल तरच ना! तंबोरा बंद केला की टाळण्यासारखं काही उरतच नाही; कोमल रिषभ हा एक सुटा स्वर होतो, कशापासून तरी ताणलेला राहत नाही. बाई परत परत षड्जावर का येत होत्या ते मला तेव्हा उमगलं. समोरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, त्यांना तंबोरा ऐकू येत नव्हता, म्हणून तंबोऱ्याचं काम त्यांना स्वतःच्या गळ्याने करावं लागत होतं. सभागृहातल्या चारशे माणसांनी त्या संध्याकाळी अर्धा मारवा ऐकला. बाहेर पडताना सगळे म्हणाले, छान झालं. छानच झालं होतं. पण अर्धंच.

आपल्या गाण्यात एकावर एक स्वर रचून उभी केलेली इमारत नसते. एका वेळी एक स्वर, आणि त्याचं नातं फक्त मागच्या षड्जाशी. तो जाड आहे की पातळ, चढा की उतरता, दरबारी रागाचा गंधार इतका खाली झुलतो तो कशाच्या खाली, हे सगळं मोजायची पट्टी म्हणजे तंबोरा. म्हणून ‘मुख्य वाद्य, साथीची वाद्यं आणि उरलाच तर तंबोरा’ ही जी उतरंड आपण मंचावर लावतो, ती मला उलटी वाटते. सतारवाल्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्या वाद्यातच षड्ज धरणारी चिकारीची तार आहे, आपोआप झंकारणाऱ्या तरफा आहेत. तरफा मिळवल्याशिवाय तो गत सुरू करणार नाही आणि तुम्हीही त्याला ‘आटपा’ म्हणणार नाही, कारण ते ‘त्याचं वाद्य’ आहे. गायकाचंही एक वाद्य असतं. ते जरा मागे, दुसऱ्याच्या मांडीवर असतं, एवढंच.

या वाद्याची कारागिरी बघितलीत तर तुम्ही त्याला कोपऱ्यात उभं करणार नाही. चार तारा: पहिली पंचमाची, रागाप्रमाणे ती मध्यमाला किंवा निषादाला जाते, मधल्या दोन जोडाच्या, षड्जाच्या, शेवटची खर्जाची पितळी. मधल्या बोटाने पहिली, तर्जनीने बाकीच्या तीन. तालाशी काही संबंध ठेवायचा नाही. तबल्याचा ठेका कानात शिरला आणि बोटं त्याच्याबरोबर चालू लागली की समजावं, बसणारा कच्चा आहे. आणि सगळ्यात मोठी करामत घोडीत. ती धारदार नसते, वरून किंचित उतरती, सपाट असते. तार हलते तशी त्या उतारावर टेकते-सुटते, टेकते-सुटते, आणि त्यातून तारेच्या पोटातले वरचे स्वर एकामागून एक बाहेर पडतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुताचा धागा सरकवायचा. तो बरोबर जागी आला की आवाज एकदम फुलतो, केसभर इकडेतिकडे झाला की मिटतो. हीच जवारी. मिरजेत हे काम करणारे कारागीर कानशीचे दोन हात मारतात, तार छेडतात, परत दोन हात मारतात. त्यांच्या हातात कानस असते, पण काम कान करतात.

सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात असताना, 1921 च्या सुमारास, या घोडीचा अभ्यास केला होता. तार बरोबर मध्यावर छेडली तर वरच्या सप्तकातला स्वर तिच्यातून ऐकू येऊ नये, असा तारेचा नेहमीचा नियम. तंबोरा तो नियम पाळत नाही, कारण तार घोडीच्या उतारावर लोळते. भौतिकशास्त्राच्या माणसालाही ज्या गोष्टीने थांबून बघायला लावलं, तिला आपण अर्थिंगचा लोचा ठरवतो.

खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून शुद्ध गंधार ऐकू येतो. कोणी तो वाजवत नाही, कोणी गात नाही, आपोआप येतो; म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पंचमाच्या तारेतून रिषभ आणि निषाद निघतात. नव्या माणसाला सांगून खोटं वाटतं. माझ्या बायकोला लग्नानंतर दोन वर्षं खोटं वाटत होतं. मग एका पहाटे स्वयंपाकघरातून हाक आली, ‘अहो, तो तुमचा गंधार आला बघा.’

आता हा गंधार आणि पेटीचा गंधार एक नव्हे. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर तारेतून निघणारा गंधार 386 वर येतो आणि बारा सारख्या भागांवर लावलेल्या पेटीचा 400 वर. चौदा सेंटचा फरक. कागदावर किरकोळ, कानाला नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 च्या आसपास श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांची, मोजमापं करायला घेतली ती याच ओढीने, आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांनी त्यांना गाऊन स्वर दाखवले होते. पुढे 1940 मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली ती थेट 1971 पर्यंत पूर्ण होती. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही, तिचे स्वर आपले नाहीत, असा आक्षेप. पेटीच्या बाजूने आणि विरुद्ध किती शाई सांडली त्या काळात! मला स्वतःला पेटी आवडते. अप्पा जळगावकरांची, तुळशीदास बोरकरांची पेटी ऐकून वाढलेला माणूस मी, पेटीविरुद्ध माझ्याकडून एक शब्द निघायचा नाही. पण गंमत बघा. पेटीवर बंदी आली तेव्हा आरडाओरडा झाला. तंबोरा मात्र कसलाही हुकूम न निघता, कसलाही वाद न होता मंचावरून चालला आहे. पेटीवाला गायकाच्या मागून चालतो, तो सूर सोडून गेला तर गायक सांभाळून घेतो. तंबोरा ऐकू आला नाही की मात्र गायक नाइलाजाने पेटीवर रेलतो, आणि त्याचा गंधार नकळत चौदा सेंट वर सरकतो. दोष पेटीचा नाही. रिकाम्या जागेत जे असेल त्याला माणूस धरतो.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, मग इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे की, मोबाइलवर अ‍ॅप आहे. तेही तुम्हीच देता, कौतुकाने देता. मागच्या वर्षी एका ठिकाणी आम्ही तंबोरे घेऊन येऊ का असं विचारलं तर उत्तर आलं, ‘कशाला ओझं आणता, आमच्याकडे डबा आहे.’ डब्याबद्दल मी कृतघ्न होणार नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत रियाज करणाऱ्या, लोकलमध्ये हेडफोन लावून सूर घोकणाऱ्या पोरांना त्याने तारलंय. माझ्या घरीही आहे, पहाटे पाचला भिंतीपलीकडच्यांची झोप मोडू नये म्हणून तोच लावतो. पण तो रियाजाचा सोबती आहे. त्यातला आवाज एकदा मुद्रित केलेला, तोच तोच फिरत राहणारा. गायक आज जरा खालच्या अंगाने गातोय, हवा दमट आहे, राग असा आहे की खर्ज थोडा जास्त बोलला पाहिजे, यातलं त्याला काही कळत नाही. आणि तो ज्या फोनवर असतो त्या फोनला कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे फोनही येतात. विलंबित ख्यालाच्या पहिल्या आवर्तनात, समेच्या अलीकडे, मंचावरचा तंबोरा अचानक बंद पडून ‘ट्रिंग ट्रिंग’ वाजताना मी पाहिलेला आहे. गायकाने हसून साजरं केलं. सम मात्र गेली.

तंबोऱ्याचा खर्च परवडत नाही म्हणाल तर ऐकून घेईन. पण फुलांच्या सजावटीचं बिल मीही पाहिलंय.

मिरज काही फार लांब नाही. तिथल्या सतारमेकर गल्लीत एकदा जाऊन या. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखी माणसं वाद्यांकडे वळली आणि तलवारीवरचे हात तंबोऱ्यावर आले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे येतात, ते वाळवायचे, कापायचे, तोंड भिजवून आकार द्यायचा, तुणीच्या लाकडाची दांडी बसवायची, मग नक्षी, लाखेचं पॉलिश. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. वाद्य उघडून दुरुस्त करायला आणि जवारी काढायला ते स्वतः बसत. 1937 साली गेले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच आहे आणि उरुसाला तिथे अजून गाणं होतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळांनी अभिमानाने ती बातमी एकमेकांना पाठवली. माझ्याकडे ती सात ग्रुपांवरून आली. मानांकन मिळालेलं वाद्य मंचावर असलं, पण त्याचा माइक बंद असला, तर कारागिराच्या हाताला काय मिळालं?

जुन्यांची उदाहरणं देऊन तुम्हाला लाजवायचा हेतू नाही, पण एक-दोन तरी द्यावी लागतील. कुमार गंधर्वांच्या तंबोऱ्यांबद्दल माझ्या गुरुजींच्या पिढीतली माणसं गाण्याइतकंच बोलायची. नुसते तंबोरे ऐकूनच पैसे वसूल झाले म्हणायची. गायिका किशोरीताई आमोणकर तंबोरा मनासारखा लागल्याशिवाय तोंड उघडत नसत, मग समोर कोणीही बसलेलं असो. त्याला लोक ‘नखरे’ म्हणत. आम्ही मागे बसणारे त्याला नखरे म्हणत नाही. आज ज्या मुलीला तुम्ही पहिल्यांदा मंच देता, तिला तसं अडून बसायची सोय नसते. तिने दोन मिनिटं जास्त घेतली तर ‘वेळेचं भान नाही’ असा शेरा बसतो आणि पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही. किशोरीताईंनी जे हट्टाने मिळवलं ते तिला हट्ट न करता मिळावं, ही व्यवस्था फक्त तुम्हीच करू शकता.

आणि सूर धरणाऱ्याची कदर करायला आपल्याला कुणाकडून शिकायचं नाही. गावच्या सनई-चौघड्यात एक माणूस नुसता सूर धरून बसतो, गाल फुगवून, एकच स्वर, तासन् तास. त्याला कोणी ‘हा काय वाजवतोय’ म्हणत नाही. सप्त्यात तर पाहताच तुम्ही. वीणेकरी पहाऱ्यावर उभा असतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मध्यरात्री तीनलाही. मंडपातला माइक गेला, वीज गेली, पाऊस आला, तरी वीणा खाली ठेवली जात नाही. माझ्या आजोळी माझे मामा पहाटे दोन ते चारचा पहारा करायचे. दिवसभर ऊस तोडून आलेला माणूस, उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचा, पण बोट तारेवर. त्यांना संगीतातलं काही कळत नव्हतं. पण ती तार थांबली तर नाम थांबलं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपण त्यांच्यापेक्षा शिकलेले, तिकीट लावून गाणं ठेवणारे. पण माइकचा आवाज बंद करणारा एक फेडर खाली ओढताना आपला हात थबकत नाही.

मी मागतोय ते फार नाही. मंच कार्यक्रमाच्या आधी तास-दीड तास आमच्या ताब्यात द्या, दिवे लावलेले आणि एसी चालू असलेला, म्हणजे तंबोऱ्यांना त्या हवेची सवय होते. सत्कार उरकायचेच असतील तर ते गाण्याच्या आधी नकोत. मध्यंतरात करा, चहाबरोबर ते बरेही लागतात. आधीच करायचे असतील तर निदान त्यानंतर पडदा पाडून आम्हाला दहा मिनिटं द्या, आणि तेवढ्या दहा मिनिटांत कोणीही माइक हातात घेऊ नये. श्रोत्यांना कंटाळा येईल ही भीती सोडा. तंबोरे जुळताना ऐकणं हा मैफलीचाच भाग आहे. कुरबुरणारे दोन स्वर हळूहळू एकमेकांत विरघळतात आणि एका क्षणी दोन्ही तंबोरे मिळून एकच वाद्य होतं. त्या क्षणी पहिल्या रांगेतली माणसं नकळत पाठ सरळ करतात, हे मी पाठीमागून बसून सव्वीस वर्षं बघतोय. ध्वनीव्यवस्थेच्या मुलाला आदल्या दिवशी चहाला बोलवा आणि एक तंबोरा त्याच्या पुढ्यात ठेवून वाजवून दाखवा. भोपळ्याजवळ माइक कुठे लावायचा, गायकाच्या मॉनिटरमध्ये तबल्याच्या आधी तंबोरा का हवा, हे त्याला एकदा ऐकवलं की पुन्हा सांगावं लागत नाही. ही मुलं कानाची तयार असतात. त्या गावातला तो मुलगाही तयार होता. उत्तरार्धात त्याने दोन्ही माइक उघडले. बाई बागेश्री राग गात होत्या, आता पहिली तार मध्यमाला. द्रुत सुरू व्हायच्या आधी सहज मान वर करून टेबलाकडे पाहिलं, तर तो हेडफोन एका कानावर धरून डोळे मिटून बसला होता.

संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘काका, मधेच एक बाई मागे गात होती का हो? वरच्या पट्टीत?’

मागे कोणी गात नव्हतं.

येत्या मोसमाच्या तारखा ठरल्या की कळवा. तंबोरे माझेच आणीन, गाडीभाडं तेवढं बघा. पाचचा कार्यक्रम असेल तर तीनला येईन. मंचाची किल्ली कोणाकडे असते त्यांचा नंबर तेवढा आधी पाठवून ठेवा.

आपला,
मागच्या रांगेतला एक तंबोरेवाला

ता. क. भोपळ्याला टेकून हारांचं तबक ठेवू नका. पाणी झिरपतं. मागच्या वेळी तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी झाकणावर, डाग पडला, तो अजून गेलेला नाही.